फुली मारलेलं टिपाड

लोखंडी टिपाडावर बोटाच्या पेरानं टकटक केली की ते धड आहे की शिवणीत गंजलेलं, हे मला आजही डोळे मिटून सांगता येतं. धड टिपाडाचा आवाज लांबतो, देवळातली घंटा वाजवून कुणी निघून गेल्यावर मागं उरतो तसा. गंजलेल्याचा तिथल्या तिथं खाली बसतो. ही विद्या आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नांदेडला आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात पाण्याचे ड्रम ठेवलेले असतात, त्यांच्या बाजूनं जाताना माझं बोट आपोआप वाजतं. सोबतच्या बायका हसतात. "मॅडम, दार वाजवून राहिल्या का? आत कोणी न्हाई," म्हणतात. मीही हसते. लातूरच्या त्या घराबद्दल मी आतापर्यंत बरंच लिहिलं, पण परसातल्या टिपाडांना वळसा घालून लिहिलं. आता वळसा पुरे झाला. माझ्या वडिलांनी ऐन उमेदीत आपले डोळे गेले असं मानलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी ते बोलले नाही.

आम्ही मूळचे रेणापूरकडचे. शेत होतं, पण ते चुलत्यांसह सगळ्यांना पुरणारं नव्हतं, म्हणून आण्णा लातूरला एका कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये आम्ही पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. कचेरीचं आवार मोठं होतं. कडुनिंब, शिरीष, दोन रानबदाम. होळीच्या पुढंमागं झाडं अशी झडायची की सकाळी झाडलेलं आवार दुपारच्या चहापर्यंत पुन्हा पिवळं व्हायचं. त्यात कचेरी म्हटल्यावर कागद. रद्दीवाल्याला देता न येणारे, शाईनं बरबटलेले, कार्बन लावलेले. हे सगळं आण्णा आवाराच्या कोपऱ्यात ढीग करून जाळायचे. एकदा वावटळ आली. पेटता कागद उडाला तो थेट साहेबांच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसला. साहेब बाहेर आले, सीटचं भोक बघितलं, आणि म्हणाले, "आण्णाराव, कचरा जाळायचाय का कचेरी?" आण्णांनी घरी येऊन ही गोष्ट मायला सांगितली तेव्हा माय भाकरी थापता थापता इतकी हसली की भाकरीला भोक पडलं. आण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावर पडून असलेलं डांबराचं रिकामं टिपाड ते ढकलत ढकलत घरी घेऊन आले.

ते पहिलं टिपाड त्यांनी चुकत चुकत केलं. वरचं झाकण छन्नीनं कडेकडेनं कापून काढलं. बुडाशी, वीतभर उंचीवर, सगळ्या अंगानं भोकं पाडली. "खालून वारा ओढला पायजे, तरच वर जाळ सरळ जातो," हे त्यांना चुलीवरून ठाऊक होतं. मग आतून सळया आडव्या घातल्या, त्यावर जाळी टाकली, म्हणजे राख खाली गळेल आणि पाला वर राहील. तोंडावर तुटक्या खिडकीची जाळी, ठिणगी उडू नये म्हणून. तीन विटांवर उभं केलं. डांबर आतून जळून जावं म्हणून पहिला जाळ मात्र गावाबाहेरच्या माळावर. त्या दिवशी असा काळा धूर निघाला की कुणाची तरी कडब्याची गंज पेटली समजून दोन माणसं घागरी घेऊन धावत आली. आण्णांनी त्यांना बसवून तंबाखू दिली.

साहेबांना ते टिपाड आवडलं. त्यांचं बघून शेजारच्या कचेरीनं मागितलं, मग एका शाळेनं, मग दवाखान्याच्या क्वार्टरवाल्यांनी. नव्या कॉलन्या होत होत्या, लोक हौसेनं दारात झाडं लावत होते आणि गावाकडचा उकिरडा मागं राहिला होता. पाल्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आण्णांचा रविवार परसात जाऊ लागला. छन्नी-हातोड्याचा आवाज, चुलीवर उडदाचं घुटं, आणि मधूनच मायचं ओरडणं, "अवो, पत्रा हाय वर, कान फुटून राहिले की!" जेवायला हाक मारली की आण्णा येत, पण काळे हात धुऊनही भाकरीवर बोटांचे ठसे उमटायचे. ते जेवताना फार बोलत नसत. पण रविवारी बोलत. टिपाड पेटवायच्या आधी काठीनं दोनदा बडवायचं, आत सरडा नाहीतर मांजर बसलेलं असतं. ओला पाला कधी घालायचा नाही, धुरानं शेजारी शिव्या देतो आणि त्या लागतात. प्लास्टिक, चप्पल, टायर तर नाहीच नाही. विझवायला पाणी ओतायचं नाही, तापलेला पत्रा चिरतो. आपोआप निवू द्यायचं. राख भांड्यांना, उरलेली झाडांना. मी हे सगळं कधी मुद्दाम शिकले नाही, पण आजही कुणी ओला पाला पेटवलेला दिसला की मला आण्णांच्या जागी राग येतो.

पुढं एक माणूस टेम्पोतून जुनी टिपाडं आणून टाकू लागला. डांबराची, गोडेतेलाची, कधी मळीची. लातूरात टिपाडाला दोन जन्म असतात. धड असेल तर पाण्याचं, फुटकं असेल तर विस्तवाचं. नळ कधी येईल याचा नेम नसलेल्या गावात धड टिपाडाला भोक पाडणं म्हणजे दुभत्या म्हशीला खाटकाकडं नेण्यासारखं. त्यामुळं टेम्पो आला की निवड व्हायची आणि ती आण्णाच करायचे. टिपाड आडवं लोळवायचे, शिवणीवर बोट फिरवायचे, डोळा जवळ नेऊन बघायचे, टकटक करायचे आणि म्हणायचे, "पाणी." नाहीतर, "इस्तू." मी मागं उभी. इस्तू म्हटलं की कोळशाची फुली, पाणी म्हटलं की कुंकवाची पाच बोटं. कुंकू मायनं लावायला लावलेलं. पाण्याच्या भांड्याला नुसतं कसं ठेवायचं, म्हणाली. एकदा गंमत म्हणून मी आण्णांच्या सायकलच्या मडगार्डवर फुली मारून ठेवली. ते तशीच घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी येऊन सांगितलं, "साहेब म्हणले, सायकल बी जाळायला काढली काय?" आणि खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांची लाडकी होते. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकदा मी खूण केली की ते ती पुन्हा तपासत नसत.

त्या उन्हाळ्यात अक्का पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. माझी थोरली बहीण, नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी होणार हे ठरलेलंच होतं, ते कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं. माय हरखली होती. हळीव आणून ठेवले, डिंक आणला, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली. अक्काला धपाटे आवडतात म्हणून रोज धपाटे. कवठाची चटणी. तिला ओलांडून कुणी जायचं नाही, तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही. आणि पाणी माझ्याकडं. नळ आला तर नळाचं, नाहीतर मारुतीच्या देवळामागच्या हापशाचं. हापसा आधी कितीतरी वेळ कोरडा खोकायचा, मग करंगळीएवढी धार. मी दहावीची परीक्षा देऊन सुटले होते. माझी मैत्रीण किनवटला तिच्या मामाकडं निघाली होती, मला चल म्हणत होती. तिकडं जंगल, रेल्वे, मामाच्या दारात विहीर. मायला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, अक्काचं बाळंतपण सोडून तू जंगलात जाणार? पाणी कोण भरणार, मी का तुझा बाप?"

आण्णांनी मात्र टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. "लेकीच्या बाळंतपणाला एक चांगलं टिपाड पायजे. तेलाचं." आमच्याकडं पाण्याचं एकच होतं, तेही बुडाशी ठिगळ लावलेलं. बाळंतिणीचं घर म्हणजे दुपटी, आंघोळ, शेकशेगडी, येणारीजाणारी. तो माणूस एके दिवशी दुपारी दोन टिपाडं घेऊन आला. एकाच मिलची, एकाच निळ्या रंगाची, जुळ्यांसारखी. आण्णांनी दोन्ही लोळवली. एकाची शिवण बुडाशी बारीक खाल्लेली होती, सुईच्या टोकाएवढी. मला ती दिसली नाही. त्यांना दिसली. "हे इस्तू," म्हणाले. दुसऱ्यावर टकटक केली, आवाज लांबवर गेला. त्यांचा चेहरा उजळला. "हे पाणी. अक्काचं." मी खुणा केल्या. बरोबर केल्या. आण्णांनी दोन्हींची तोंडं कापून दिली आणि ते कचेरीत निघून गेले. जाताना म्हणाले, "सकाळी शाळंचं टिपाड द्यायचं हाय, येरवाळीच भोकं पाडून टाकतो."

पाण्याचं टिपाड घासायचं काम माझं. तेलाचा वास निघेपर्यंत राख आणि चिंचेनं. टिपाड आडवं करून कमरेपर्यंत आत शिरायचं. ऊन डोक्यावर, पत्रा तापलेला, आत तेलाचा कुबट वास, डोळ्यांत राख. घासायचा आवाज कानातच घुमत होता, आणि तो थांबला की घरातून मायचं नि अक्काचं हसणं ऐकू यायचं. दोघी बाळाच्या नाकाबद्दल बोलत होत्या. बापाच्या नाकावर गेलं तर काय करायचं, म्हणून. मी बाहेर आले तेव्हा कापलेली कड लागून कोपर सोललं होतं. आत जाऊन दाखवलं. माय म्हणाली, "लाव जरा हळद. अन् निघाला का वास? न्हाई तर पुन्यांदा घास. आता हे भरायचं म्हंजी हापशाला दिवसभर जावं लागंल तुला."

मी परसात आले. ओल्या हातानं कुंकवाची पाच बोटं पुसली. कोळसा घेतला आणि घासलेल्या टिपाडावर फुली मारली. दुसऱ्याची फुली पुसून त्याला कुंकू लावलं. मनात काय होतं हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेक परींनी सांगून बघितलं आहे. एक टिपाड कमी म्हणजे तेवढं पाणी कमी, हे होतं. अक्काचं म्हणून ते, हेही होतं. आणि आण्णा सकाळी बघतील, शिवणीवर बोट फिरवतील, "कुणाची गं ही शानपट्टी?" म्हणून हसतील, असंही होतं. यातलं कुठलं किती, ते मला ठरवता येत नाही. रात्री जेवताना कोपर दुखत होतं. आण्णांनी स्वतःहून विचारलं आणि फुंकर घातली. तेव्हा सांगावंसं वाटलं होतं.

सकाळी छन्नीच्या आवाजानं मला जाग आली. फटफटलं होतं. आम्ही सगळे अंगणात झोपायचो, पण अक्का आल्यापासून तिच्या सोबतीला मी आत असायची. पहिला घाव पडला आणि मला कळलं. आवाज लांबला. घंटेसारखा. गंजलेल्या टिपाडाचा असा होत नाही. पण माझी खूण असली की आण्णा आवाजाकडं कान देत नसत. एका भोकाचं काही नसतं, एका भोकाला डाग देता येतो, आण्णांनी शेजाऱ्यांची कितीतरी टिपाडं तशी सांधून दिली होती. उठून दारापर्यंत जायचं, "आण्णा, थांबा" म्हणायचं, एवढंच होतं. शिव्या बसल्या असत्या. मी पांघरूण वर ओढून पडून राहिले. दुसरा घाव. मग तिसरा. प्रत्येक भोकानं आवाज थोडा थोडा आखूड होत गेला. आण्णा काम करताना तोंडातल्या तोंडात अभंगासारखं काही गुणगुणायचे, ते मधे मधे ऐकू येत होतं. शेजारी अक्का कुशीवर वळली आणि झोपेतच म्हणाली, "काय चाललंय गं?" मी म्हणाले, "काही न्हाई. झोप." फुलीबद्दल मी स्वतःला कधी तरी माफ करीन. फुली पोरीनं मारली होती. पण आत पडून ऐकत होती ती पोर नव्हती, तिला सगळं कळत होतं.

आण्णांनी ते टिपाड सायकलला बांधून शाळेत पोचतं केलं. कुंकवाचं टिपाड मी कुणी न सांगता पुन्हा घासून ठेवलं होतं, दोन दिवसांनी नळ आला. मायनं हळदकुंकू वाहून अक्काच्या टिपाडात पहिली घागर ओतली आणि आम्ही सगळे भरायला लागलो. पाणी चढत गेलं तशी बुडाची शिवण घामेजली. मग धार लागली. माय म्हणाली, "अवो, हे काय?" आण्णा खाली बसले. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग ते सायकल काढून शाळेकडं गेले आणि बऱ्याच वेळानं रिकामे परत आले. त्या टिपाडात तोवर पाला पेटलेला होता. "चांगलं टिपाड मी फोडलं," ते मायला म्हणाले. "दोन्ही डोळ्यांनी बघून फोडलं. मला शिवणच दिसली न्हाई." माय म्हणाली, "पोरीनं खूण चुकवली असंल." आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरले नाही, कारण तिच्यात संशय नव्हता. "न्हाई," म्हणाले, "ती कवाच चुकत न्हाई. मीच उलटं सांगितलं." मी हातातली घागर खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

खाल्लेल्या शिवणीला डाग धरेना, म्हणून त्यांनी डांबर लावून बघितलं. गळती थांबली, पण पाण्याला असा वास आला की अक्काला उलटी झाली. टेम्पोवाला पुन्हा फिरकला नाही, उन्हाळ्यात धड टिपाड कुठंच मिळेना, आणि नळही गेला तो गेलाच. मी दिवसभर हापशावर असे. जे पाणी मला भरायचं नव्हतं तेच, घागरीघागरीनं, त्या ठिगळाच्या टिपाडापलीकडं कुठं साठवताही न येणारं. अशात अक्काची सासू डोहाळजेवणाला म्हणून आली. धिप्पाड बाई, मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. आंघोळीला बसली आणि पहिली बादली संपल्यावर तिनं दुसरी मागितली. मायनं रिकामी घागर उलटी करून दाखवली. मग बाई ओल्या पदरानंच बाहेर आल्या.

"विहीणबाई, लेकरू झाल्यावर दुपटी कशात धुणार? ताटात?"

"करू की काही तरी. लोक करून राहिलेच न्हाईत का?" माय म्हणाली.

"लोकांचं लोकांपाशी. आमच्याकडं गोदामाय दाराशी हाय. मी माझ्या सुनंला इथं तहानलेली ठेवू कामून?"

आण्णा दारात उभे होते. व्याह्यांच्या माणसांपुढं ते कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "टिपाड आणलं हुतं, बाई. तिच्याचसाठी आणलं हुतं. माझ्या डोळ्यांनी घात केला. मला दिसून न्हाई राहिलं आता." सासूबाई वरमल्या. "तसं न्हाई ओ इवाई," म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी अक्काची पिशवी भरली गेली. स्टँडवर आण्णांनी पिशवी वर चढवली, खिडकीतून अक्काच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, आणि बस निघाल्यावर मोकळा हात तसाच वर धरून उभे राहिले. लेकीचं पहिलं बाळंतपण बापाच्या घरी झालं नाही. आमच्याकडं याला कुणी शिक्षा करत नाही. फक्त लोक विचारतात, "कामून बरं न्हेली?" आणि बाप दर वेळी उत्तर देतो. आण्णांचं उत्तर एकच असे. डोळे गेले माझे.

ते एका चष्मेवाल्याकडं गेले. त्यानं सांगितलं, डोळे ठणठणीत, जवळचा जरासा नंबर. आण्णा घरी येऊन म्हणाले, "त्याला काय मालूम. त्यानं शिवण थोडीच बघितली." छन्नी आणि हातोडा त्यांनी भंगारात घातला. मागणी येत राहिली, ते नाही म्हणत राहिले. रविवार गप्प झाले. मायच्या कानांना आराम मिळाला, पण तीच एकदा मला म्हणाली, "लई सुनं वाटतं गं." मग हळूहळू सगळं घर त्यांना न दिसणारा माणूस म्हणून वागवू लागलं. सुपातले खडे त्यांना निवडू देईनात. सायकल सुटली. बसची पाटी वाचायला ते मला पुढं करत, "बघ गं, रेणापूरच हाय का." पाटी त्यांना दिसत असे, मी शपथेवर सांगते, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला होता. मी वाचून दाखवत राहिले. फुली एका दुपारची होती. हे मी वर्षानुवर्षं केलं.

पुढं मला नांदेडलाच नोकरी लागली. माय गेली. ती जाईपर्यंत मी तिलाही सांगितलं नाही. आण्णा माझ्याकडं राहायला आले. माझ्या दारातही कडुनिंब आहे आणि पाला तसाच पडतो, पण आता पेटवायचा नाही. सकाळी घंटागाडी गाणं लावत येते आणि कुणी जाळताना दिसलं तर दंड. आण्णा पायरीवर बसून ती गाडी जाईपर्यंत बघत राहतात. अक्का चार गल्ल्यांपलीकडं राहते. तिला मी मागच्या दिवाळीत फराळाचं करता करता सगळं सांगितलं. ती चकली पाडत होती. थांबली नाही. "मला तर नांदेडलाच बरं वाटलं हुतं. नळाला पाणी हुतं, सासूनं शेक बी चांगला दिला," म्हणाली. मग सोऱ्या खाली ठेवून म्हणाली, "पण मला काय सांगून राहिलीस तू? ज्याला सांगायचं तो बाहेर पायरीवर बसलाय." त्या दिवशीही मी बाहेर गेले नाही.

या वर्षी आण्णांना खरोखरीचा मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली. काळा चष्मा लावून ते अंगणात खुर्चीवर बसले होते, मी पाला झाडत होते. दुपार कलली होती. ते म्हणाले, "लई लख्ख दिसून राहिलंय गं. पानाच्या शिरा दिसून राहिल्या." आणि मग, अगदी सहज, "त्या साली बी हेच झालं असंल. मोतीबिंदूच. त्या चष्मेवाल्याला कळलं न्हाई."

मी झाडू उभा धरला. "आण्णा, त्या साली तुमच्या डोळ्यांना काही नव्हतं."

"तुला काय मालूम?"

"खुणा मी बदलल्या हुत्या. मुद्दाम."

त्यांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढायचा नाही म्हणून बजावलं होतं. "धड ते मी धडच म्हणलो हुतो?"

"हाव. तुमी पाणी म्हणलात तेच पाण्याचं हुतं."

ते आपल्या तळहातांकडं बघत बसले. "म्हंजी डोळे चांगले हुते," म्हणाले. मला नाही, हातांना म्हणाल्यासारखं. मग मान वर केली. "मी ठोकून राहिलो तवा कुठं हुतीस?"

"आतच. जागी."

"ऐकून राहिली हुतीस?"

"हाव."

"सगळी भोकं?"

"सगळी."

त्यांनी चष्मा लावला. "चहा ठेव," म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस रोजच्यासारखेच गेले. जेवायचे, बातम्या बघायचे, अक्काकडं जाऊन यायचे. मला वाटलं, आता तिकडंच राहतो म्हणतील. तसं म्हणाले असते तर मी पिशवी भरून दिली असती. एका सकाळी घंटागाडी गेल्यावर म्हणाले, "दोन टिपाडं बघ कुठं मिळतात का. जुनी. अन् छन्नी-हातोडा."

"आण्णा, जाळायला बंदी हाय आता."

"जाळायचं कोण म्हणतंय? एकात पाला कुजवू. त्याला बी वारा लागतोच की, भोकं तीच. दुसरं पाण्याला. झाडांला."

मी आणली. दोन्ही लोळवून त्यांनी वेळ घेऊन बघितली, बोट फिरवलं, टकटक केली. कान अजून शाबूत आहेत. "पाणी," म्हणाले. मग दुसऱ्याला, "पाला." मी देवघरातून कुंकू आणलं, चुलीचा कोळसा आता कुठला, म्हणून काळा खडू घेतला आणि खुणा केल्या. पूर्वी ते माझी खूण कधी बघत नसत. आता कमरेवर हात ठेवून वाकले, माझी फुली निरखली, पुन्हा शिवणीवर बोट फिरवलं आणि मगच छन्नी मागितली. मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण त्यांनी बघितलं ते बरं केलं.

छन्नी टेकवली. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला भोक पडलं. आण्णा थांबले. हातोडा तसाच वर धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बरोबर हाय, आण्णा," मी म्हणाले. "पाडा पुढचं."